धर्माच्या आईचं वस्त्र

चर्चच्या दाराशी उस्तिना उभी होती, पण पाय म्हणून एका जागी ठरत नव्हता. आत तिच्या मैत्रिणीच्या, सोलोमियाच्या तान्हीचा बाप्तिस्मा चाललेला आणि पोरीला हातात धरायची ती धर्माची आई, म्हणजे हीच, दारात! या गावात धर्माची आई व्हायला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हटलं, तर लोक जन्मभर तोंड बघत नाहीत.

पण करते काय बिचारी? गळ्यातली गाठ कापली आणि उरलंसुरलं जाळायला कीवच्या डॉक्टरांनी किरणोत्सारी आयोडीनची गोळी दिली. चेर्नोबिलच्या ढगातून ज्या आयोडीननं लहानपणी गळा धरला, तेच आता औषध! काट्यानं काटा काढायचा तो असा. मात्र ते घामातून, थुंकीतून बाहेर पडेतो लेकरांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सोलोमियाला सांगितलं तर ती खो खो हसली होती.

"अगं जा! जन्मभर त्याच ढगाखालच्या जंगलातली अळंबी खाल्ली आपण. मेलो का? म्हणे गोळी!"

"मी लांबूनच बघेन. पोरीला तुझी बहीण घेईल. हट्ट नको करूस."

"बरं बाई, महाराणी! पण पोरीला गुंडाळायचं वस्त्र तुझ्याच हातचं हवं हं."

ते दिलंच होतं. कीवहून आल्यावर एकटीनं घरात कोंडून घेऊन दुसरं करायचं काय? पांढऱ्या कापडावर लाल नक्षी भरत बसली होती.

आत पाद्रीबाबांनी पोरीला पाण्यात बुडवून काढलं. बहिणीनं तिला त्या वस्त्रात गुंडाळलं. पोर किंचाळली आणि एकदम गप्प झाली. वस्त्राचा काठ तोंडात धरून मचमच चोखायला लागली होती.

उस्तिनाला एकदम आठवलं. दोरा! आईनं शिकवलं तसं दर वेळी दोरा तोंडात ओला करून तिनं सुईत ओवला होता. दातानं तोडला होता.

ती सुसाट आत घुसली आणि वस्त्र खसकन ओढून घेतलं. पोर उघडी पडली, तिनं टाहो फोडला. बायकांनी घाबरून छातीवर क्रूस काढले. दिलेलं वस्त्र परत घेणं म्हणजे लेकराचं आयुष्यच परत मागणं.

"सटवे! माझ्या पोरीला शाप देतेस?" सोलोमिया कडाडली.

"माझी थुंकी आहे गं यात! प्रत्येक टाक्यात!"

एवढं ओरडून उस्तिना अंगणात पळाली. पोरीला शालीत गुंडाळून सोलोमिया मागोमाग धावत आली.

"पुढे येऊ नकोस!" उस्तिना मागे सरकली.

सोलोमिया थबकली. ओठांवर आलेल्या शिव्या तिनं तशाच गिळल्या. शालीच्या टोकानं ती पोरीचं तोंड पुसत होती, पुन्हा पुन्हा पुसत होती.

"उस्तिना," तिचा आवाज पार बसला होता, "काही होणार नाही ना गं हिला?"

'नाही गं' म्हणावं असं उस्तिनाला फार वाटलं, पण तिला ते ठाऊक नव्हतं.