दिवाणातली सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. निळ्या आणि तांबड्या पट्ट्यांची. मित्रांनो, सतरंजीला काय सांगण्यासारखं असणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यावर बसून माणसांनी इतकं काही ऐकलं आहे, की त्यातलं थोडं माझ्याही सुतात मुरलं आहे. म्हणून सांगते.

माझा जन्म मालेगावचा. तिथल्या एका हातमागावर मी विणली गेले. विणणाऱ्या बाईंचे हात मला अजून आठवतात. प्रत्येक धाग्याला त्या फणीने ठोकून बसवत आणि ठोका बसला की मान हलवत. काठाला त्यांनी दुहेरी वीण घातली. "ही फाटणार नाही," असं त्या कुणाला तरी म्हणाल्या होत्या. ते वाक्य मी आयुष्यभर जपून ठेवलं.

नाशिकला पंचवटीत मारुतीच्या देवळातल्या महिला भजनी मंडळाने मला विकत घेतलं. मंडळाची वस्तू म्हटल्यावर नाव घालायलाच हवं. नाहीतर लग्नकार्यात एकीची सतरंजी दुसरीकडे गेली की परत यायची नाही. पाटी रंगवणाऱ्या एका माणसाने माझ्या कोपऱ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने ठळक अक्षरं काढली : महिला भजनी मंडळ, मारुती मंदिर. तो कोपरा तेव्हापासून जरा ताठच राहिला. मलाही त्याचा थोडा ताठा होता, खोटं कशाला बोलू!

मग सुरू झाले माझे सुखाचे दिवस. दर एकादशीला कीर्तन असे. संध्याकाळी मला पसरत. एका टोकाला साळूबाई धरत, दुसऱ्या टोकाला भिमाबाई. दोघी शेजारणी आणि लहानपणापासूनच्या मैत्रिणी, दोघींचं माहेर देवळा तालुक्यातलं. मला झटकताना दोघींचे हात एकदम वर जात, एकदम खाली येत. बुवा उभे राहिले, पखवाजावर थाप पडली, की माझ्यावर बसलेली माणसं नकळत पुढे सरकत. मी पायाखालची वस्तू, पण माझ्यावर चपला घालून कुणी आलं नाही. आख्यान रंगात आलं की कुणाच्या डोळ्यांतलं पाणी टपकन माझ्यावर पडे. खिरापतीतले चार दाणे सांडत, बुक्क्याचे काळे ठिपके पडत. दुसऱ्या दिवशी मला उन्हात टाकलं तरी अंगाला तो वास राही. त्याच्याइतकं चांगलं अत्तर मला ठाऊक नाही.

मंडळाच्या वस्तू साळूबाईंकडे असत. त्या फार जपणाऱ्या. एका हरिनाम सप्ताहानंतर त्यांच्या मनात आलं, की देवळातल्या कोठीत उंदीर झालेत. त्यांनी मला घरी आणलं, झटकलं, घडी घातली, कडुनिंबाचा पाला ठेवला, वर जुनं लुगडं गुंडाळून सुतळीने बांधलं आणि मागच्या खोलीतल्या दिवाणाच्या पेटीत ठेवून दिलं. "आता कसा उंदीर येतो बघू," असं म्हणून त्यांनी फळी लावली.

त्याच आठवड्यात त्यांचे यजमान पुंजाजी आजारी पडले. दवाखाना, धावपळ, आणि तीन महिन्यांनी ते गेले. त्या सगळ्यात साळूबाईंच्या डोक्यातून मी पार पुसले गेले.

पुढे मंडळातल्या बायका भेटायला आल्या, त्यांत भिमाबाईही होत्या. निघताना एकीने विचारलं, "सतरंजी कुठं आहे गं?" मित्रांनो, त्या सगळ्या दिवाणावरच बसल्या होत्या. माझ्या अंगावर! साळूबाईंनी खूप आठवलं. मग म्हणाल्या, "भिमानं मागितली होती ना, लेकीच्या साखरपुड्याला? तिच्याचकडे असेल."

भिमाबाईंनी मागितली होती हे खरं. पण नेली नव्हती. त्या तिथेच म्हणाल्या, "अगं, मी नाही नेली. साखरपुडा हॉलमधे झाला, तिथं खुर्च्या होत्या."

"मग काय तिला पाय फुटले?" साळूबाई बोलून गेल्या.

चारचौघींत ते बोलणं झालं. मी आतून ओरडत होते, पण सतरंजीचा आवाज कुणाला ऐकू जातो? भिमाबाई उठून गेल्या. दोघींचं बोलणं तुटलं. साळूबाई देवळात जायच्या बंद झाल्या, कारण तिथे भिमाबाई येत. आणि भिमाबाई कीर्तनाला आल्याच तर मागे खांबाआड बसत, असं मी पुढे ऐकलं. वर्षं गेली. एक, दोन, अकरा.

त्या अकरा वर्षांत खोलीत काय काय साठलं! जुना कूलर, शिवणयंत्र, मिक्सरची आणि टीव्हीची खोकी, लासलगावहून आलेल्या कांद्याच्या रिकाम्या गोण्या, तुटका पाळणा. आणि सगळ्यांत जास्त म्हणजे लग्नपत्रिका. प्रत्येक पत्रिकेवर गणपती. जुन्या कॅलेंडरांवर देव. साळूबाईंना ते टाकवेना. "देव काय कचऱ्यात टाकायचा?" असं म्हणून त्या पत्रिका दिवाणावर रचत. ओझ्याने माझा श्वास कोंडला. भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, आणि खोलीचं दार अर्धंच उघडू लागलं.

यंदा साळूबाईंची नात आरोही दहावीत गेली. अभ्यासाला खोली हवी म्हणून त्यांचा मुलगा महेश आणि सून वेदिका यांनी ठरवलं, खोली रिकामी करून रंगवायची. रंगारी लियाकतभाई आले. आधी रंगावरून वाद झाला. वेदिकाच्या मनात राखाडी होता.

"राखाडी?" साळूबाई म्हणाल्या. "राख कशाला लावता भिंतीला, मी अजून आहे की!"

शेवटी फिका पिवळा ठरला. पण सामान काढताना साळूबाई प्रत्येक वस्तूला हात लावत आणि "असू दे, लागेल" म्हणत. तेव्हा वेदिकाने हात जोडले. "आई, तुम्ही अंगणात खुर्चीवर बसा. देवाच्या पत्रिका मी वेगळ्या ठेवते, एकही कचऱ्यात जाणार नाही. पण तुम्ही आत यायचं नाही."

दोन दिवस सामान निघत होतं. माझ्यावरचं ओझं एकेक करून उतरत होतं. मग फळी निघाली आणि मित्रांनो, उजेड आला! मला वाटलं, आता सुटले.

"वहिनी, खाली अंथरायला काही जुनंपानं आहे का? फरशी खराब होईल," लियाकतभाईंनी विचारलं.

"हे घ्या. काय आहे देव जाणे, लुगड्यात बांधलंय. जुनंच दिसतंय."

सुतळी सुटली. मी पसरले. अकरा वर्षांनी पसरले, आणि तेही रंगाचे डबे अंगावर घ्यायला. खरवडलेले पोपडे माझ्यावर पडू लागले. वरून प्रायमरचा एक पांढरा थेंब ठप्पकन माझ्या मधोमध पडला. जिथे कधी बुक्का पडे, तिथेच. मी मनात देवाचं नाव घेतलं. म्हटलं, एवढंच असेल तर एवढंच.

लियाकतभाई थेंब पुसायला वाकले आणि थांबले. त्यांनी माझा काठ बोटांत धरला. "अरे, ये तो हातमाग की है. भाभी, अशी दुहेरी वीण माझी दादी घालायची, मालेगावला. ही खाली टाकायची चीज नाही." मग त्यांनी ताठ कोपरा उलटून धूळ झटकली. "आणि यावर नाव आहे कुणाचं तरी. महिला भजनी मंडळ..."

अंगणातली खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साळूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी अक्षरं पाहिली, लुगडं पाहिलं, वाळलेला पाला पाहिला, आणि उंबऱ्यावरच बसल्या.

"मीच ठेवली होती," त्या म्हणाल्या. "उंदरांना घाबरून."

संध्याकाळी महेश कामावरून आला. त्याने त्याच्या परीने मार्ग काढला. "आई, आता अकरा वर्षांनी कशाला उकरून काढायचं? मी सकाळी गाडीवर टाकतो आणि गुपचूप देवळाच्या कोठीत ठेवून येतो. मिळाली म्हणतील. विषय संपला."

मित्रांनो, माझी सुटका त्यात होती. कोठीत तर कोठीत! पण भिमाबाईंचं काय? मी कोठीत सापडले असते, तर कुणी म्हटलं असतं, भिमाबाईंनीच गुपचूप आणून टाकली. साळूबाईंनाही तेच सुचलं असावं.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं कीर्तन ऐकलं मी. नुसतं कानानेच ऐकलं का? तिचं नाव मी चारचौघींत घेतलं. ते गुपचूप कसं परत करू? रिक्षा बोलव उद्या."

दुसऱ्या दिवशी मी रिक्षात साळूबाईंच्या मांडीवर बसून भिमाबाईंकडे गेले. पूर्वी शेजारी असलेल्या त्या आता लेकाजवळ मखमलाबाद रोडला राहत होत्या. दार त्यांनीच उघडलं. पांढरे झालेले केस, पण नजर तीच.

"कोण साळू? वाट चुकलीस का?"

"चुकले होते," साळूबाई म्हणाल्या. "अकरा वर्षं चुकले होते. भिमा, ही घे. माझ्याच दिवाणात होती."

भिमाबाईंनी मला पाहिलं. कोपऱ्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. आत बोलावलं नाही, दारही लावलं नाही. तो क्षण मला त्या सगळ्या वर्षांपेक्षा लांब वाटला.

"खांबाआड बसून मला बुवांचा चेहरा कधी दिसला नाही, साळू," त्या हळूच म्हणाल्या. "नुसता आवाज ऐकायचे."

साळूबाई पाया पडायला वाकल्या, तशा भिमाबाईंनी त्यांचे हात वरच्या वर धरले. "गुडघे धड नाहीत आणि वाकतेस कुणापुढं? उठवावं लागेल मग मलाच तुला! ये आत. आणि केवढी गं ही धूळ? जपून ठेवली म्हणे. वस्तू जपायची तर मला द्यायची होतीस. मी तर चोरच होते, नीट ठेवली असती!"

आणि दोघी हसल्या. हसता हसता रडल्या. माझ्यावर पुन्हा एकदा टपकन पाणी पडलं.

आठवड्याने खोली तयार झाली. भिंतीला फिका पिवळा रंग, खिडकीपाशी आरोहीचं टेबल, बाकी सगळी मोकळी फरशी. देवाच्या पत्रिका वेदिकाने रीतसर निर्माल्य कलशात नेऊन दिल्या. कूलर आणि खोकी भंगारवाल्याने नेली. साळूबाईंनी फक्त एक गोणी मागून ठेवली. "एक तरी असू दे, लागते." कुणी वाद घातला नाही.

एकादशीला त्याच खोलीत कीर्तन ठेवलं. गच्चीवर धुऊन वाळवलेल्या मला पसरायला दोघी आल्या. एक टोक साळूबाईंनी धरलं, दुसरं भिमाबाईंनी. हात वर गेले, खाली आले. माणसं बसली. बुवा उभे राहण्याआधी साळूबाई सगळ्यांसमोर उठल्या आणि म्हणाल्या, "सतरंजी माझ्याच घरी होती. भिमानं नेली नव्हती. मी चुकीचं बोलले, तिची माफी मागते." एवढंच. बायकांत थोडी कुजबुज झाली. मग सगळ्यांत पुढच्या रांगेतून भिमाबाईंचा आवाज आला, "बस गं आता खाली. बुवांना उशीर होतोय."

लियाकतभाई उरलेला रंग द्यायला आले होते, ते दाराशी घुटमळले. त्यांनी मधला पांढरा थेंब पाहिला. "आजी, हा डाग मी घासून काढतो ना."

"राहू दे हो," भिमाबाई म्हणाल्या. "तो पडला नसता तर तुम्ही वाकला नसता. या, बसा इथं काठावर. तुमच्या दादीचीच वीण आहे."

ते बसले. पखवाजावर थाप पडली. किती दिवसांनी मला ती जमिनीतून जाणवली!

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. वस्तू जपा, पण लुगड्यात बांधून, वर ओझं ठेवून जपू नका. तिच्यावर माणसं बसू द्या. आणि वस्तू हरवली, तर कुणाचं नाव घेण्याआधी एकदा आपला दिवाण उघडून बघा. कोण जाणे, तिथे कुणीतरी तुमच्याच हाकेची वाट पाहत असेल.

आता मला घडी घालून ठेवतात, पण पुढच्या एकादशीपर्यंतच. मला ठेवायचं कुठे, ते दोघींनी ठरवलं आहे. एक महिना साळूबाईंकडे, एक महिना भिमाबाईंकडे. न्यायला आणि आणायला दोघींना जावंच लागतं.