पाचपैकी किती?

मनुष्यजातीची सारी प्रगती ती दोन पायांवर चालू लागली तेव्हापासून झाली, हा निवृत्त हेडमास्तरांचा ठाम सिद्धान्त होता. अलीकडे हा सिद्धान्त ते विजेच्या खांबाला धरून मांडत. कोपऱ्यापर्यंत गेले की त्यांची पोटरी आवळून येई.

पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, असे डॉक्टर म्हणाले. उपाय काय, तर चालणे! हेडमास्तरांना तो पटला. न येणारे गणितच पुन्हा पुन्हा घालायचे, ही पद्धत त्यांच्या ओळखीची होती.

शिवाय त्यांना घाई होती. संध्याकाळी तळ्यापर्यंत फिरायला बायकोबरोबर वर्षानुवर्षे तेच जात. आता ते वाटेत बसकण मारतात म्हणून शेजारचे फौजदार तिच्या सोबतीला जाऊ लागले होते. फौजदार अत्यंत सज्जन होते. सज्जनपणाचा इतका त्रास हेडमास्तरांना यापूर्वी कधी झाला नव्हता.

दवाखान्याच्या तळमजल्यावर ट्रेडमिल होती आणि चालायला शिकवणारी एक ताई होती.

"दुखणं चांगलं वाढेपर्यंत चालायचं, मग बसायचं. निवलं की परत उठायचं. दुखण्याला पाचपैकी मार्क द्या सर. चार झाले की थांबू."

पट्टा सुरू झाला.

"किती, सर?"

"दीड."

ताईने चढ वाढवला. "आता?"

"दीडच." कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. दोन्ही मुठी दांडीवर आवळलेल्या.

"सर, तुमचा चेहरा केव्हाच पाचाच्या पुढं गेलाय!" ताईने पट्टाच बंद केला.

"चार मार्क?" हेडमास्तर धापा टाकत खुर्चीत कोसळले. "उभ्या नोकरीत कुणाला दिले नाहीत. शेफारतात."

कोपऱ्यात बसलेली बायको विणकामातून मान वर न करता म्हणाली, "ताई, यांच्या दीडाला तुम्ही चार समजा. सगळी शाळा तेच करायची."

तेव्हापासून दीडाला खुर्ची मिळू लागली. चालायचे, कळ आली की बसायचे, पुन्हा उठायचे. चढ वाढवला तरी दीड उशिरा होऊ लागला. पुढेपुढे तर दुखण्याची वाट बघावी लागे.

मग एका संध्याकाळी हेडमास्तर फाटकात येऊन फौजदारांना म्हणाले, "आज तुम्ही आराम करा."

निघाले. कोपरा गेला. पिठाची गिरणी गेली. वळणावर पोटरी कुरकुरली. तिला अर्धा मार्क देऊन ते तसेच पुढे गेले. बायको शेजारी होती, गप्प होती, मधूनमधून त्यांच्याकडे बघत होती. तिचा ऊर भरून आला असणार, असा त्यांनी अंदाज बांधला. तळ्याचा कठडा दिसला, हाताला लागला, तरी ते थांबले नाहीत. कठड्याकडेने चालता चालताच, प्रसंगाला साजेसे दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी घसा खाकरला.

"अहो," बायको म्हणाली, "आता तरी थांबा की जरा. बुटात खडा गेलाय. तुम्ही कुठंतरी बसाल म्हणून गिरणीपासून कळ सोसतेय. धरा मला, काढते."