डबल क्लिक

केरळातल्या चेर्पुळश्शेरीच्या आमच्या शाळेत मी शिकवतो रसायनशास्त्र, पण सगळे ओळखतात कॉम्प्युटरवाले माष, म्हणजे मास्तर, म्हणून. शाळेतले सगळे कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात आणि लिनक्समधलं मला सगळं कळतं, असा शाळेत एक समज आहे. तो मीच पसरवलाय.

जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच मुख्याध्यापिका अंबुजाक्षी टीचरनी मला बोलावलं.

"माष, स्क्रीनवरचे आयकॉन मेलेत. हजेरी उघडत नाही, जेवणाचा तक्ता उघडत नाही."

मी उभ्या उभ्याच माउस घेतला आणि डबल क्लिक केलं. हजेरी लगेच उघडली. टीचरनी ती बंद करून स्वतः क्लिक केलं. आयकॉन नुसता निळा झाला.

"तुमचं बोट सावकाश पडतंय, टीचर," मी म्हणालो.

टीचर मार्चमध्ये निवृत्त होणार होत्या. सांधे धरलेले. त्यांनी हात तेवढा टेबलाखाली घेतला. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

तरी नुसतं बोटाचं कारण सांगून निघून जाणं माझ्या कीर्तीला शोभलं नसतं. मी टर्मिनलची काळी खिडकी उघडून भराभर आज्ञा टाइप केल्या. सिस्टिम अपडेट केली, माउस बदलला, सगळे आयकॉन उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेले आणि परत आणले. त्यात रजेचे अर्ज एक दुपारभर गायब झाले होते. असे तीन आठवडे गेले. दर वेळी मी क्लिक केलं की उघडायचं आणि मी विजयी मुद्रेने बाहेर पडायचो.

मग एका रविवारी फणस कापताना सुरी निसटली. सोमवारी तर्जनीला पट्टी बांधून टीचरांच्या खोलीत गेलो, क्लिक केलं. आयकॉन निळा झाला. पुन्हा केलं. निळाच.

आणि मला आठवलं. शाळा उघडली त्या दिवशी याच कॉम्प्युटरवर मी शिक्षकांचं प्रशिक्षण घेतलं होतं. माउसचा वेगसुद्धा बदलता येतो हे दाखवताना डबल क्लिकच्या वेगाची सरकपट्टी पार ‘जलद’च्या टोकाला नेली होती, आणि टाळ्यांच्या नादात तिथेच सोडली होती.

मी टीचरना खरं ते सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी केव्हापासून एकदा क्लिक करून एंटर दाबते. ऑफिसातल्या रुखियाने दाखवलं."

"मग मला सांगायचं ना."

"तुम्ही इतके रंगला होतात."

मी स्क्रीनवरची सरकपट्टी मधोमध आणली. टीचरनी डबल क्लिक केलं, हजेरी उघडली. त्यांनी ती बंद केली, पुन्हा उघडली, मग जेवणाचा तक्ताही उघडून पाहिला.

"म्हणजे बोट ठीक आहे माझं?"

"हो, टीचर. चुकलं माझं."

त्यांनी दुरुस्तीची वही पुढे सरकवली. मी लिहिलं : माउसचे सेटिंग बदलले गेले होते.

टीचरनी आयुष्यभर व्याकरण शिकवलेलं. त्यांनी चष्मा लावला, वाक्यावर पेन टेकवलं.

"बदलले गेले? आपोआप? कर्ता कुठाय, माष?"

मी ते खोडलं आणि पट्टी बांधलेल्या बोटाने, वाकड्यातिकड्या अक्षरात, कर्त्यासह पुन्हा लिहिलं.