विहिरीची बाटली

बाटली चुलीजवळच्या फळीवर उबेला ठेवली होती आणि धाकटी जाऊ घटकेघटकेला ती उजेडात धरून बघत होती.

"अगं, दूध आहे का ते, उतू जायला?" सासूबाई म्हणाल्या.

आरोग्य केंद्रातल्या ताईंनी ती दिली होती. विहिरीचं पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि वाट बघायची. काळं पडलं तर पाण्यात घाण उतरते आहे. धाकटीचं लेकरू जुलाबांनी सुकून नुकतंच घरी आलं होतं. त्याला ती उकळलेलं पाणी घोटघोट पाजायची. पण रांगतं पोर, दिसेल त्या भांड्याला तोंड लावायचं.

सासूबाईंना बाटलीचाच राग. विहीर मामंजींनी खणलेली, सगळी वस्ती तिच्यावर पाणी भरते. "माणूस गेलं, पाणी राहिलं," असं त्या म्हणत. नव्या संडासाचा खड्डाही त्यांनीच विहिरीला लागून घ्यायला लावला होता, बादली लांबून वाहायला नको म्हणून. ताईंनी तो खड्डा पाहिला आणि बाटली काढली. त्या मला सगळं समजावत होत्या तेव्हा सासूबाई फणकाऱ्यानं आत गेल्या होत्या. नंतर म्हणाल्या, "आमची विहीर आहे, पाणी मीच भरणार."

दुसऱ्या दिवशी पाणी तसंच नितळ.

"बघा. आले मोठे पाण्याला नावं ठेवणारे."

धाकटी कितीतरी दिवसांनी हसली. माठातलं पाणी तिनं न उकळताच वाटीत घेतलं. मी देवापुढे जपाला बसले, पण मन थाऱ्यावर येईना. नाम ओठांवर आणि लक्ष बाटलीकडे.

"आणि बाटली तरी कशी दिली होती," सासूबाई सांगत होत्या. "तळाला तपकिरी पूड चिकटलेली. तसल्या भांड्यात मी पाणी भरेन का? राखेनं घासली, चांगली विसळली, मग भरली."

मी जपमाळ खाली ठेवली. लेकराच्या ओठांशी गेलेली वाटी काढून घेतली तसं ते भोकाड पसरून रडू लागलं.

"आई, पाण्याची परीक्षा ती पूडच घेणार होती."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

ताईंनी दुसरी बाटली दिली. ती सासूबाईंनीच भरली, आत बोटही न लावता. आता फळीपाशी येरझाऱ्या त्यांच्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी काजळासारखं झालं. सासूबाईंनी बाटली हलवून पाहिली, पुन्हा पाहिली.

तेवढ्यात शेजारीण घागर घेऊन आली. त्या उठून वाटेतच उभ्या राहिल्या.

"इथलं नको नेऊस. पाणी खराब आहे." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझ्या पोरांची पोटं कशी आहेत?"

शेजारणीनं घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतली. "बिघडतात की, काकू. अधूनमधून चालूच असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काकांची विहीर. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणीच बोललं नाही."

सासूबाईंनी दाराची चौकट धरली.

"कुणीच म्हणजे कुणाकुणाच्या घरी?"

शेजारीण त्यांच्याकडे न बघता एकेक घर सांगू लागली.