गिरणीच्या वळणावरचा थांबा

"बॅगा कुठायत बॅगा? रिकाम्या हातानं कोण जातं शहरात?" पालिकेच्या आवारात समन्वयक घसा फोडून ओरडत होता. "न्हावीदादा, तुमची कुठाय?"

"ही काय," म्हणत न्हाव्यानं एक भली मोठी सूटकेस करंगळीवर उचलून दाखवली.

"अहो, जरा जड असल्यासारखी तरी धरा!"

आवारात हशा पिकला. पालिकेनं फुकट चहा ठेवला होता, त्यामुळे मंडळी खुशीत होती. वाचनालयात दिवसभर पेपर चाळणारे पेन्शनर आले होते, शिवणवर्गातल्या बायका होत्या, पाणीखात्याची अख्खी पाळी होती. एक म्हातारेबुवा पुन्हा पुन्हा विचारत होते, "पण शहरात उतरून मी करू काय?" आणि समन्वयक दर वेळी सांगत होता, "काही करू नका. बागेत बसा आणि परतीच्या बसनं या."

भानगड अशी होती की, प्रादेशिक परिवहन मंडळानं आसपासच्या सगळ्या पालिकांना बरोबर घेऊन बसमार्गांचा नवा आराखडा करायला घेतला होता. बसचा निम्मा खर्च मंडळाचा, निम्मा पालिकेचा, आणि जिला माणसं नाहीत तिला कात्री. इथल्या सकाळच्या बसला माणसं नव्हतीच. पालिकेच्या अध्यक्षांनी समन्वयकाला बोलावून सांगितलं, "प्रवाशांच्या मोजणीच्या दिवशी बस भरलेली दिसली पाहिजे. कशी भरायची ते मला विचारायचं नाही."

समन्वयक हे पद कानाला भारदस्त लागतं. प्रत्यक्षात थांब्यांचे फलक लावायचे, ते वाकले की सरळ करायचे, आणि अध्यक्ष मंडळाला जे काही बोलतील ते गोड करून मंडळाला कळवायचं, एवढंच काम. घरी बायको म्हणायची, "तिकडे दोन ऑफिसांचा समन्वय करता, इकडे गॅसचा आणि दुधाचा करा जरा, उतू जातंय." उभ्या आयुष्यात भरवशाचं म्हणावं असं काम कुणी त्याच्यावर सोपवलं नव्हतं. त्यामुळे तो हुरळून गेला आणि चार दिवस घरोघर फिरून त्यानं माणसं गोळा केली.

शिवाय त्याला स्वतःलाही ही बस हवी होती. त्याचा थोरला भाऊ अर्धांगाच्या झटक्यानंतर शहरातल्या रुग्णालयात पडून होता. दादा सकाळचं खाणं फक्त वहिनीच्या हातून घ्यायचा. नर्सनं चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटायचा. वहिनी रोज घरासमोरच, गिरणीच्या वळणावर उभी राहायची आणि याच बसनं जायची. पुढची बस थेट दुपारची. "ही बस मी बंद होऊ देत नाही, वहिनी. शब्द देतो," असं तो तिला म्हणाला होता, आणि ते त्यानं मनापासून म्हटलं होतं.

बस आली. आतली तुरळक माणसं बघण्याची सवय असलेला ड्रायव्हर दाराशी लोटलेली गर्दी पाहून म्हणाला, "काय हो, सगळं गाव पळून चाललंय का?"

"तुम्ही गाडी चालवा," समन्वयक म्हणाला.

मंडळाची मोजणीबाई ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली होती. तरुण होती, हसतमुख होती, मांडीवर टॅब होता. शेवटचा माणूस आत कोंबला गेला तेव्हा तिनं कौतुकानं मागे वळून पाहिलं.

"रोज असते एवढी गर्दी?"

"रोजचंच आहे," समन्वयक म्हणाला. तो दाराशी एका पायावर उभा होता, पण छाती दोन इंच फुगली होती. मागे न्हावी सूटकेस छातीशी धरून मोठमोठ्यानं कण्हत होता. त्याला आता अभिनयाचा चेव आला होता.

गाव मागे पडलं. बंद गिरणीची भिंत दिसायला लागली आणि ड्रायव्हरनं वेग कमी केला.

"उतरणारं आहे का कुणी? नसेल तर थांबवत नाही. एकदा दार उघडलं तर परत लागायचं नाही."

समन्वयकाची नजर वळणाकडे गेली. चार दिवसांत त्यानं शंभर गोष्टींचा विचार केला होता. कोण कुणाशेजारी बसेल, कुणाला गाडी लागते, चहाला साखर किती. बसनं खरोखर रोज जाणारं माणूस कुठे बसेल, हे मात्र त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

वहिनी थांब्यावर उभी होती. एका हातात डब्याची पिशवी, दुसरा हात वर.

वहिनीला सगळेच ओळखत होते. ती कुठे चाललीय आणि कशासाठी, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. शिवणवर्गातल्या बायका आपापल्या मांडीकडे बघायला लागल्या. न्हावी सीटवरून अर्धवट उठला आणि त्यानं समन्वयकाकडे पाहिलं. उतरू का, असं तो डोळ्यांनीच विचारत होता.

एक शब्द पुरला असता. पण सूटकेस घेऊन शहराला निघालेला माणूस ओसाड गिरणीपाशी उतरलेला पाहून मोजणीबाईनं काय म्हटलं असतं? केलं-सवरलं सगळं पाण्यात गेलं असतं. समन्वयकानं न्हाव्याकडे बघून मान हलवली. नाही.

न्हावी खाली बसला. बस पुढे गेली. वहिनीचा हात काचेच्या पलीकडून, अगदी हातभर अंतरावरून सरकत गेला. तिनं तो लगेच खाली घेतला नाही.

"बिचाऱ्या. मागच्या बसनं येतील," मोजणीबाई म्हणाली.

"येतील," समन्वयक म्हणाला.

शहरात मंडळी बागेच्या दिशेनं पांगली. जाताना कुणी त्याच्याशी बोललं नाही. तो जवळजवळ धावतच रुग्णालयात गेला.

"आज ताई नाही आल्या?" नर्सनं विचारलं आणि सुपाची वाटी त्याच्या हातात दिली. "बघा, तुमच्याकडून घेतायत का."

दादाची नजर त्याच्या खांद्यावरून दाराकडे लागली होती. समन्वयकानं चमचा पुढे केला. दादानं ओठ मिटले.

"दादा, मी आहे रे. घे ना. एक घोट घे."

सूप हनुवटीवरून ओघळलं. त्यानं ते पुसलं आणि पुन्हा चमचा भरला. लहानपणी आजारी पडला की याच दादानं त्याला असं भरवलं होतं, गोष्टी सांगत, चिडत, लाडीगोडी लावत. त्याला एकही गोष्ट सुचेना. वाटी गार झाली. नर्स आली आणि घेऊन गेली.

वहिनी आली ती पार दुपारी, विटांच्या ट्रकमधून. केसांवर लाल धूळ बसली होती. आल्या आल्या तिनं दादाचा हात हातात घेतला, आणि मग तिला दीर दिसला.

"भाऊजी, आज बस गच्च भरून गेली! पाय ठेवायला जागा नव्हती. मला वाईट वाटलं, पण मग म्हटलं, बरं झालं. मोजणी होती ना आज? आता नाही बंद होत." तिनं केसांवरची धूळ झटकली. "तुम्ही कशानं आलात?"

"बसनंच."

वहिनीनं पिशवीतून डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं, ते तिनं जोर लावून उघडलं.

"एवढ्या गर्दीत बाहेरचं काय दिसणार म्हणा."

"नाही दिसलं, वहिनी," तो म्हणाला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. तिनं त्याला वाट करून दिली होती आणि तो निमूटपणे त्या वाटेनं निघून गेला होता.

बस वाचली. अध्यक्षांनी सभेत सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली, आणि टाळ्यांमध्ये न्हावी मात्र खिडकीबाहेर बघत बसला. पुढच्याच आठवड्यात मोजणीबाईचा फोन आला. ती फार खुशीत होती.

"तुमच्या मार्गाचं चित्र एकदम स्वच्छ आलंय. सगळे पहिल्या थांब्यावर चढतात आणि थेट शहरात उतरतात. मधे कुणीच नाही. म्हणून आम्ही मधले थांबे काढून ती बस विनाथांबा करतोय. तुमच्या लोकांचा किती वेळ वाचेल बघा!"

"मधे... मधेही असतात हो माणसं," तो म्हणाला.

"त्या दिवशी एकही चढलं नाही ना पण. तुम्ही होतातच की."

आता खरं सांगितलं तर बसच जाणार. त्यानं फोन ठेवला आणि अध्यक्षांच्या दारात जाऊन उभा राहिला. अध्यक्ष म्हणाले, "विनाथांबा? अरे वा! शेजारच्या पालिकेला अजून साधी मिळत नाहीये." "फलक काढायचे राहू देऊ नका," अध्यक्ष फायलीतून मान वर न करता म्हणाले.

फलक काढणं हे त्याचंच काम होतं. इतर थांबे त्यानं भराभर उरकले आणि गिरणीचं वळण शेवटी ठेवलं. वहिनी रुग्णालयातून परतायच्या आत काम संपवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण इथला खांब उंच निघाला. पाना बोल्टपर्यंत पोचेना. तो टाचा उंचावून झटापट करत होता, तेवढ्यात समोर तिच्या घराचं दार उघडलं आणि वहिनी स्टूल घेऊन बाहेर आली.

"आज लवकर आले," ती म्हणाली. "घ्या. असा उडी मारून नाही निघायचा तो फलक."

"वहिनी, हा थांबा..."

"कळलं मला. ड्रायव्हरनं सांगितलं." तिनं स्टूल खांबाला टेकवलं. "मी जाईन पालिकेपर्यंत चालत. जाताना चढ आहे, पण येताना उतारच आहे की."

तो स्टुलावर चढला. स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे ते डगमगलं. वहिनी खाली वाकली आणि तिनं दोन्ही हातांनी ते घट्ट धरलं. वरून त्याला तिचा भांग दिसत होता, पिकलेला. पाना बोल्टवर बसेना, कारण त्याला बोल्टच धड दिसत नव्हता.

"वहिनी," तो म्हणाला, "मला त्या दिवशी तुमचा हात दिसला होता."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "मी धरलंय स्टूल. तुम्ही काढा."