कामावरचे अपघात : निरंक

सरकारी कचेरीच्या मागच्या अंगणात वहिनी आणि तिचा धाकटा दीर सकाळपासून कचरा निवडत बसले होते. कागद एकीकडे, खरकटं दुसरीकडे. दोघांचे आईबाप हेच करत, म्हणून यांच्याही नशिबी हेच. निवडणाऱ्यांनी कचेरीत पाऊल टाकायचं नाही, अशी तिथली पद्धत होती. साहेब काय जेवले ते त्यांच्या बायकोआधी मला कळतं, असं म्हणून दीर तिला हसवत होता.

साहेबांना वास सोसेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी खताच्या खड्ड्यावर सिमेंटचं झाकण घालून कडा लिंपून टाकल्या होत्या. कोपऱ्यातल्या भोकातून खरकटं ओतायचं आणि वर गोणपाट दाबायचं. खत कधी बाहेर निघालंच नाही. अहवालात मात्र दरवर्षी शंभर टक्के खत ठोकून दिलं जाई, आणि त्याखाली कचरा निवडणारी म्हणून वहिनीचा अंगठा. यंदा वरून फर्मान आलं, की खताचा फोटोही जोडा.

मुकादमाने झाकण फोडायला लावलं आणि दिराला खाली उतरून दोन टोपल्या काढायला सांगितलं. वहिनीने हात जोडले. आत विषारी हवा कोंडली असेल, दिवसभर उघडं राहू द्या, म्हणाली. पण अहवाल दुपारीच जायचा होता. दीर जागचा हलेना, तसा मुकादमाने फावड्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला. दुसरा तडाखा कानशिलावर बसला. तिसऱ्यासाठी दांडा वहिनीवर उगारला गेला, तेव्हा रक्त पुसत तो शिडी उतरू लागला.

चौथ्या पायरीवर त्याचे हात सुटले. खालून एकदाच घरघर ऐकू आली. वहिनी शिडीकडे झेपावली, तर मुकादमाने तिला केसांना धरून फरफटत मागे ओढलं. तिने त्याच्या मनगटाचा लचका तोडला. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. वरच्या खिडक्यांतून माणसं नाकाला रुमाल लावून बघत होती. खाली एकही आला नाही. दोरीला आकडा बांधून दिराला वर काढलं, तोवर तो निळा पडला होता.

प्रेत अंगणातच होतं. अहवाल लिहिणारा कारकून कागद आणि शाईची डबी घेऊन आला.

"इथे अंगठा दे, बाई. नेहमीचंच आहे."

वहिनीने कागद ओढून घेतला आणि मोठ्याने वाचला. "ओला कचरा, शंभर टक्के खत. कामावरचे अपघात, निरंक."

"तुला वाचता येतं?" कारकुनाने विचारलं.

"तुमचीच रद्दी निवडून शिकले. दरवर्षी वाचूनच अंगठा दिला, भाऊसाहेब. काम जाईल म्हणून गप्प बसले. त्याला मारण्यात माझाही हात आहे. आज इथे 'एक मेला' असं लिहा, मग सही करते."

मुकादमाने तिचा हात पिरगळून शाईत दाबला. तिने मूठ आवळली. त्याने एकेक बोट उलटं ओढलं. मधलं काटकन मोडलं, ती किंचाळली, पण अंगठा मुठीतच राहिला. अखेर मुकादमच थकला.

अहवाल दुपारी गेला, निरंकच गेला. अंगठ्याची जागा कोरी होती, खताचा फोटोही नव्हता. पाच कचेऱ्यांनी त्यावर शिक्के मारले, शाबासकीचं पत्र धाडलं, पण ती जागा कोरी का, फोटो कुठे, हे कुणी विचारलं नाही. तो शंभराचा आकडा वर्तमानपत्रातही छापून आला. तुम्ही-आम्ही तो वाचला आणि पान उलटलं.

वहिनी आता रोज कचेरीच्या पुढच्या पायरीवर बसते. आत जाणाऱ्या प्रत्येकाला दीर कसा मेला ते सांगते आणि लिहून घ्या म्हणते.