बायजाची अट

"नाना, ती पिशवी माझ्याकडे द्या, नाहीतर पुढच्या खड्ड्यात तुम्ही आणि पिशवी जोडीनं बाहेर पडाल," मिल्का म्हणाली आणि कशेळ्याच्या जीपमधली सगळी माणसं हसली. तिचे आजोबा, हसकेल वावोशीकर, तेवढे हसले नाहीत. जीपच्या कडेला अर्धवट टेकून ते पिवळ्या पडत चाललेल्या भाताच्या खाचरांकडे बघत होते.

"मिस्तरी," ड्रायव्हर किशोर आरशात बघून म्हणाला, "उद्या आमची मोटर बघायला या की. नुस्ती घरघर करते, पानी वढत नाय."

उत्तर अर्थातच मिल्कानं दिलं. "उद्या नाही जमणार, किशोरदादा. उद्या आमचा दारफाळणीचा सण. आज सूर्य मावळला की दार बंद, ते उद्या रात्री चांदण्या दिसेपर्यंत. जेवण नाही, पाणी नाही. दिवसभर प्रार्थना करायची आणि वर्षभराच्या चुकांची देवाकडे माफी मागायची."

"दिसभर? एवढ्या चुका केल्यात मिस्तरींनी?"

जीप पुन्हा हसली. मिल्काही हसली. नानांनी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. पिशवीत पाने होते, पक्कड होती, चामड्याचे चार वॉशर होते. हापसा असो की मोटर, हसकेल मिस्तरी चाळीस वर्षं ही पिशवी घेऊनच घराबाहेर पडत आले होते. सगळा तालुका त्यांना शनिवारवाले मिस्तरी म्हणायचा, कारण शनिवारी ते पान्याला हात लावत नसत. कर्जतमध्ये ज्यू घर आता त्यांचं एकच उरलं होतं. बाकीचे कोणी ठाण्याला गेले, कोणी पार इस्रायलला.

मिल्का दहावीत होती. श्रावणात ती शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली आणि तेव्हापासून घरात मीठ मागायचं तरी ती "आदरणीय आई" अशी सुरुवात करायची. गेल्या आठवड्यात तिनं जाहीर केलं होतं, "नाना, या वर्षी दारफाळणीला मी तुमच्याशेजारी उभी राहणार. तुम्ही एक ओळ मोठ्यानं म्हणा, मी मागून म्हणते. मला सगळं पाठ करायचंय."

नानांचा चहाचा कप तोंडाजवळ जाऊन थांबला.

"मला माहितेय, तुम्ही मनातल्या मनात म्हणता," मिल्का पुढे म्हणाली. "त्या हन्नासारखं." मूल व्हावं म्हणून देवापुढे रडणाऱ्या हन्नाची गोष्ट तिला फार आवडायची. तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि म्हाताऱ्या याजकाला वाटलं की बाई पिऊन आली आहे!

"हन्नाचे ओठ तरी हलत होते," नाना म्हणाले. "माझे हलत नाहीत. मी नुसती पानं उलटतो. अकरा वर्षं झाली."

आज जेवण झाल्यावर नानांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चल. वाडीवर एक काम आहे. साडेपाचच्या आत परत फिरायचं."

जीपमधून उतरल्यावर वाडीपर्यंत अर्धा तास चढ होता. दोन्ही बाजूंना सोनकी फुलली होती आणि नानांचे गुडघे दर दहा पावलांना कुरकुरत होते.

"या वाडीचा हापसा बिघडला होता," ते थांबत थांबत सांगू लागले. "मे महिना, शुक्रवार. मी म्हटलं रविवारी येतो. शनिवारी बायका खालच्या जुन्या विहिरीवर गेल्या. तळाला वाटीनं भरावं एवढंच पाणी. त्यातली एक, बायजा, भरला हंडा घेऊन वर येताना पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. अजून लंगडते म्हणतात."

"पण शनिवारी काम करायचं नाही हा नियमच आहे आपला. तुमची काय चूक?"

नाना चढत राहिले. पुढच्या वळणावर म्हणाले, "तू प्रार्थना म्हणजे काय समजतेस गं?"

"मागणं. देवाकडे मागायचं."

"मागणं असतंच. पण आधी उभं राहायचं असतं त्याच्यासमोर. कोर्टात साक्षीला उभं राहतात तसं. संदेष्टा यशया काय सांगतो ठाऊक आहे? देव म्हणतो, तुम्ही हात पसरलेत तर मी डोळे फिरवीन. शंभरदा प्रार्थना केलीत तरी ऐकणार नाही. आधी हात स्वच्छ करा, ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्याकडे जा, मग माझ्याकडे या. त्या रविवारी हापसा दुरुस्त करायला आलो तेव्हा ती पडल्याचं कळलं. घरी येऊन प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, आणि तोंड उघडेना. म्हटलं, वाडीवर जाऊन येऊ, मग म्हणू. तेवढ्यात पावसाळा लागला. मग दिवाळी आली. मग इथल्या दुरुस्तीला माझ्या हाताखालच्या नागूला पाठवू लागलो. अशी अकरा वर्षं गेली. परवा तू म्हणालीस, मोठ्यानं म्हणा."

"मग सोपं आहे!" मिल्का उसळून म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

वाडीत वीस-पंचवीस घरं होती आणि मधोमध हापसा. बायजा अंगणात चवळीच्या शेंगा सोलत बसली होती, काठी शेजारी आडवी टाकलेली. पासष्टीची असावी, तोंडावर सुरकुत्यांचं दाट जाळं, डोळे मात्र मांजरासारखे. तिनं दोघांना येताना पाहिलं. नाना तिच्याकडे न जाता थेट हापशाकडे गेले आणि दांडा वरखाली करून बघू लागले.

"जड तर नाही ना लागत? वॉशर आणलेत मी."

"हलका हाय दांडा," बायजा जागेवरूनच म्हणाली. "अकरा वर्सं त्या नागूला धाडलंस. आज कसा उगवलास, मिस्तरी?"

मिल्का पुढे झाली. छाती भरून श्वास घेतला. "आजी, माझे नाना आज तुमच्याकडे एक विनंती घेऊन आले आहेत. माणसाच्या हातून कळत-नकळत अनेक—"

"तुजा आजा मुका हाय का गं?"

"नाही."

"मंग त्याला बोलू दे. तू हितं बस. शेंगा सोल."

झोपडीच्या दारातून बायजाची सून मंगळी फिस्सकन हसली. मिल्का बसली आणि शेंगा सोलू लागली. तिचे कान लालबुंद झाले होते.

नाना अंगणात उभे राहिले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"त्या शुक्रवारी तुझा माणूस माझ्याकडे आला होता," ते म्हणाले. "चार वाजले होते. उन्हाळ्यात आमचा शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता लागतो. पिशवी भरलेली होती, सायकल दारात होती. मला जमलं असतं, बायजा. मी त्याला म्हटलं, आमचा दिवस लागला, आमच्या देवाला चालत नाही. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. उन्हाचा चढ नको वाटला."

मिल्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. हे त्यांनी वाटेवर सांगितलं नव्हतं.

"माझ्यामुळे तू पडलीस. मला माफ कर."

बायजानं हातातली शेंग खाली ठेवली. मग तिनं कपाळाला हात लावला.

"अरं मेल्या! मला वाटलं तुमचा देवच लय कडक हाय. तहानेल्या बायामानसांची कीव नाय त्याला. म्हनून तुला कदी शिवी दिली नाय. त्याला दिल्या. अकरा वर्सं देतेय, रोज, उठताना ह्यो खुबा दुखला की. आता त्या शिव्यांचं मी काय करू?"

मंगळी हसायची थांबली. कोंबड्या तेवढ्या मातीत चोची मारत होत्या. नानांचं तोंड उघडं पडलं होतं. खोटं बोललो हे त्यांना ठाऊक होतं, पण त्या खोट्याचं पुढे काय झालं हे ते आत्ता ऐकत होते.

"माफ कर," ते पुन्हा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"तोंडानं तू त्या दिशी पन बोललाच हुतास," बायजा म्हणाली. "मंगळे, हंडा आन. मिस्तरी, खालच्या विहिरीवर जा आन् भरून घेऊन ये. डोक्यावर. मंग बघू."

"आजी, बाहत्तर वर्षांचे आहेत ते!" मिल्का उठून उभी राहिली. "गुडघे बघा त्यांचे. आणि पाच वाजून गेलेत. सूर्य मावळायच्या आत घरी पोचायचंय आम्हाला. उपासाआधी जेवायचंय."

"मंग ऱ्हाऊ दे. जा. जबरी नाय माझी."

नानांनी पिशवी जोत्यावर ठेवली आणि हंडा उचलला. काखेत धरावा की खांद्यावर, हे त्यांना कळेना. वाडीतल्या चार बायका एव्हाना कुडापाशी जमल्या होत्या आणि पदर तोंडाला लावून बघत होत्या. शेवटी बायजाच काठी टेकत उठली. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून तिनं त्याची गोल चुंबळ केली आणि नानांच्या टोपीवर बसवली.

"चल. मी पन येते. वाटेत किती सांडतोस ते बघायला नको?"

"आत्या, तुमी नाय गेला तिकडं पडल्यापासनं," मंगळी म्हणाली.

"म्हनून तर."

अशी ती वरात निघाली. पुढे मंगळी, मग नाना, मग लंगडत बायजा आणि तिच्या दंडाला धरून मिल्का. पावसानंतर विहीर पाचव्या पायरीपर्यंत भरलेली होती, पायऱ्यांवर हिरवं शेवाळ. बायजा वरूनच थांबली. "ती चवथी पायरी," ती काठीनं दाखवत म्हणाली. नाना चौथ्या पायरीवर वाकले. त्यांनी पायरीला हात लावला, मग तिथूनच हंडा बुडवला.

मंगळीनं हंडा उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला. पहिल्या पावलालाच लाटेसारखं पाणी अंगावर आलं.

"मान ताठ!" बायजा मागून ओरडली. "मान कशाला हलवतोस, कीर्तनात बसलायस का?"

"नाना, मी घेऊ?" मिल्कानं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते "चूप" म्हणाले. दोन्ही हातांनी हंडा धरून, दर दहा पावलांवर थांबत, ते चढत राहिले. माथेरानच्या डोंगरामागे सूर्य उतरू लागला तशी मिल्का कासावीस झाली. शेवटची जीप गेली असणार. पांढरे कपडे घरी, प्रार्थनेचं पुस्तक घरी. तिनं आईला फोन लावला. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि आई म्हणाली, "आता दिवस लागल्यावर गाडीत बसू नका. तिथेच राहा उद्यापर्यंत. आणि हे बघ, नानांना घाई करू नकोस."

मंगळीनं कनवटीची अर्धी भाकरी काढून मिल्काच्या हातावर ठेवली. "खा पटकन. उपास हाय ना तुमचा? मिस्तरींना पन दे तुकडा." मिल्कानं चालता चालता नानांच्या तोंडात घास घातला. हात मोकळे नसल्यानं त्यांनी तो लहान मुलासारखा खाल्ला.

वाडीत पोचेपर्यंत हंडा अर्धा झाला होता. नानांचा सदरा छातीपासून खाली चिंब भिजला होता. मंगळीनं हंडा उतरवून घेतला, तेव्हा बायजानं आत डोकावून पाहिलं.

"निम्मं सांडलंस."

"हो."

"मी सगळंच सांडलं हुतं," बायजा म्हणाली. ती जोत्यावर टेकली, खुबा दाबत. "झालं, मिस्तरी. तुझं-माझं फिटलं. पन त्याचं काय? त्या बिचाऱ्याला मी उगाच बोलले. आता माझं ऐकंल का तो? मी तुमच्यातली नाय."

"ऐकतो," नाना म्हणाले. धाप लागल्यामुळे त्यांना तोडून तोडून बोलावं लागत होतं. "यरुशलेमला पहिलं मंदिर बांधलं तेव्हा आमच्या राजानं देवाला विनवलं होतं. परका माणूस लांबून आला आणि तुझ्याशी बोलला, तरी त्याचं ऐक."

"मंग तूच सांग त्याला. मला तुमची भाषा येत नाय. सांग, बायजा आली हाय म्हनून."

डोंगराच्या कडेवर लाल रेघ उरली होती. नाना अंगणाच्या टोकाला गेले आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. मिल्का त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. नानांचे ओठ थरथरले. काहीच झालं नाही. मिल्काच्या तोंडाशी पहिला शब्द आला होता, तो त्यांना सुचवावा असं तिला फार वाटलं. पण तिनं दात घट्ट मिटून घेतले.

आणि मग आवाज आला. गंजलेला दांडा पहिल्यांदा ओढावा तसा किरकिरत, आणि नंतर एकदम धबधबा. मिल्का दचकली. जन्मापासून ती ज्यांच्या घरात वाढली त्या माणसाचा प्रार्थनेचा आवाज तिला आठवतच नव्हता. नाना बेसूर होते. भयंकर बेसूर होते, आणि इतक्या मोठ्यानं म्हणत होते की पलीकडच्या घरातली पोरं बाहेर आली.

"केवढ्यानं वरडतोय," मंगळी कुजबुजली.

"वरडू दे," बायजा म्हणाली.

मिल्का मागून म्हणू लागली, एक एक ओळ, नानांपेक्षा हळू. काही शब्द तिला येत होते, काही नव्हते. ओळी पुढे सरकत होत्या आणि नानांच्या सदऱ्यातून पाणी अजून टपटप पडत होतं. मग त्या हिब्रू शब्दांच्या मधोमध, त्याच सुरात, नानांनी तिचं नाव घेतलं. बायजा.

जोत्यावर बसलेली म्हातारी काठीच्या आधारानं उठली आणि तिनं पदर डोक्यावरून नीट पुढे ओढून घेतला.